वणीकडच्या खेड्यातून ध्रुवीय विज्ञानात पीएच.डी. करता येईल का? : माझं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वणी तालुक्यातलं गाव, घरी कापूस-सोयाबीन, एम.एस्सी. भूगर्भशास्त्र नुकतंच झालं, आणि अंटार्क्टिकावर काम करायचं मनात आहे. पण ज्या पोरीनं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला तिला तिथं कोण घेणार, असे विद्यार्थी नेमकं करतात काय, आणि त्यांच्या हातून खरंच काही घडतं का? वर दोघांनी "बँकेची परीक्षा दे" असं सुचवलंय. घरची परिस्थिती पाहून काळजीपोटी कोणीही तेच सांगेल, पण तू विचारलंस ते हे नाही. मी आर्वीकडची. दक्षिण महासागराच्या तळच्या गाळावर पीएच.डी. केली, आता कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

हो, करता येते. आणि तुझं गाव या विषयापासून लांब आहे हे आधी डोक्यातून काढून टाक.

चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. तिथे चुनखडकाचा एक घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग आणि त्यावर समांतर ओरखडे असल्याची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली आहे. त्याच्या वर तालचीर नावाच्या जुन्या खडकाचा थर, बारीक मातीत लहानमोठे गोटे अस्ताव्यस्त रुतलेले. नदीनं आणलेले गोटे असे नसतात, नदी त्यांची वजनाप्रमाणे निवड करते. हे काम हिमनदीचं. साधारण 30 कोटी वर्षांपूर्वी आपला हा मुलूख अंटार्क्टिकाला चिकटलेला होता, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि बर्फाखाली होता. बर्फ गेल्यावर जी दलदल आणि जंगलं वाढली त्यांचा कोळसा आज वणी, घुग्गुस, बल्लारपूरला निघतो. त्या कोळशासोबतच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाची जिभेसारखी लांबट पानं सापडतात, ती तू प्रॅक्टिकलला काढली असशीलच. तेच ग्लोसोप्टेरिस ब्रिटिश मोहिमेचा नायक रॉबर्ट स्कॉट याच्या तुकडीनं 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना बिअर्डमोर हिमनदीजवळ गोळा केलं. ती माणसं वाटेतच गेली, पण सुमारे 16 किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते.

आता विद्यार्थ्यांच्या हातून काय घडतं ते सांगते. पीटर बॅरेट हा न्यूझीलंडचा तरुण अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात पीएच.डी. करत होता. डिसेंबर 1967 मध्ये त्याच बिअर्डमोरच्या परिसरात, ग्रॅफाइट पीक नावाच्या डोंगरावर तो खडकांचे थर नोंदत होता. तिथे त्याला हाडाचा एक लहानसा तुकडा मिळाला. तो निघाला लॅबिरिंथोडोंट गटातल्या उभयचर प्राण्याच्या जबड्याचा. अंटार्क्टिकात सापडलेला जमिनीवरच्या कशेरुकी प्राण्याचा तो पहिला जीवाश्म. गोड्या पाण्यातला प्राणी एवढा महासागर पोहून जाणार नाही, म्हणजे जमीनच एके काळी सलग असली पाहिजे. दोन वर्षांत अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोलबर्ट यांच्या चमूला तिकडे लिस्ट्रोसॉरस हा जमिनीवरचा नामशेष प्राणी मिळाला, जो दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या दामोदर खोऱ्यातही मिळतो, आणि खंड सरकतात की नाही या वादात एक भक्कम पुरावा आला. एका पीएच.डी.च्या पोरानं तुकडा उचलला, ओळखीच्या जाणकाराला दाखवला, म्हणून पुढच्या मोहिमेला तिकडे जायचं कारण मिळालं.

आणि लॅबिरिंथोडोंटच म्हणशील तर आपल्याकडे मांगली आहे, नागपूरच्या दक्षिणेला. तिथल्या दगडातली एक कवटी स्टीफन हिस्लॉप यांनी, म्हणजे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्यांनी, इंग्लंडला पाठवली. 1855 मध्ये तिथले जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. बॅरेटच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी त्याच मोठ्या गटातला प्राणी विदर्भातून जगापुढे आला होता. मुलाखतीत कोणी विचारलं की विदर्भातून ध्रुवाकडे कशी वळलीस, तर इरई आणि मांगली एवढं सांग. पण सांगण्याआधी तिथे स्वतः जाऊन ये. पुस्तकातून सांगितलेलं आणि पाहून सांगितलेलं समोरच्याला लगेच कळतं.

रोजचं काम कसं असतं, ते माझ्याच उदाहरणानं सांगते, कारण व्हिडिओत फक्त जहाज आणि पेंग्विन दिसतात. जहाजावरून समुद्रतळात लांब नळी घुसवून गाळाचा कोअर काढतात. तो उभा चिरतात, मग सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या चकत्या करतात. माझ्या वाट्याला त्या चकत्या आल्या. प्रत्येक चकती वाळवायची, वजन करायची, भिजवायची, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायची. चिखल वाहून जातो, मागे चिमूटभर वाळू उरते. ती पुन्हा वाळवून 150 मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची आणि काळ्या चौकोनी ट्रेवर पसरायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कण उचलायचा: हा क्वार्ट्‌झ, हा गार्नेट, हा फोरॅमिनिफेरा या एकपेशीय समुद्री जिवाचा शंख. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब खोल समुद्रात प्रवाह फक्त बारीक चिखल नेऊ शकतो. एवढी भरड वाळू तिथे पोचते ती हिमनगात अडकून, आणि हिमनग वितळला की तळाशी पडते. म्हणजे ज्या थरात असे कण जास्त, त्या काळात अंटार्क्टिकाचा बर्फ जास्त तुटून वाहत होता. क्वार्ट्‌झचा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्याच्या अंगावर शिंपल्यासारखे तुटलेले कंगोरे आणि सरळ ओरखडे दिसतात, इरईच्या खडकावरच्यांचेच लहान भाऊ. आई फोनवर विचारायची, "कावं, आज का मोजलं?" मी म्हणायची, वाळू. हे काम वर्षानुवर्षं चालतं. ज्याला मोजण्याचा कंटाळा येतो त्यानं या वाटेला जाऊ नये, हे मी तुला अगदी स्पष्ट सांगते.

बर्फाच्या कोअरवर काम करणाऱ्यांचंही असंच. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात उणे 20 अंशांची शीत प्रयोगशाळा आहे. बाहेर वास्कोचा दमट उन्हाळा, आत जाड जॅकेट घालून बँड-सॉवर बर्फ कापायचा. बाहेरची साल खरवडून टाकायची, कारण तिला हात, ड्रिल, हवा लागलेली असते. आतला स्वच्छ भाग वितळवून ऑक्सिजनचे समस्थानिक (त्यांवरून त्या काळचं तापमान कळतं) आणि क्षार मोजायचे. 1815 च्या तंबोरा ज्वालामुखीचं सल्फेट एका थरात उसळलेलं दिसलं की खालच्या-वरच्या थरांचं वय बसवायला खुंटी मिळते. युरोपच्या एपिका या बर्फ-कोअर प्रकल्पानं अंटार्क्टिकातल्या डोम सी इथून याच पद्धतीनं 8 लाख वर्षांचं हवामान वाचलं.

मुलींचा प्रश्न तू थेट विचारला नाहीस, पण मनात असेल. अमेरिकेनं अंटार्क्टिक संशोधनाला बायकांना पाठवायला 1969 उजाडू दिलं. तेव्हा भूरसायनतज्ज्ञ लोइस जोन्स यांच्या चौघींच्या चमूत आयलीन मॅकसेव्हनी ही पदव्युत्तर विद्यार्थिनी होती आणि टेरी टिकहिल तर पदवीलाच होती. चौघींनी तिथल्या हिमरहित खोऱ्यांत दगड-पाण्याचे नमुने गोळा केले, आणि त्याच मोसमात दक्षिण ध्रुवावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या सहा स्त्रियांत त्या होत्या. आपल्याकडे 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत दोघी गेल्या: भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरविज्ञानाच्या अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, 1943 चा. बी.एस्सी. पुण्याला, एम.एस. हवाईला, पीएच.डी. लंडनला, मग गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. म्हणजे विदर्भाची मुलगी तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी तिथे जाऊन आली आहे.

आता अंटार्क्टिकाला पाठवतात का? पाठवतात, पण पीएच.डी.ला प्रवेश मिळाला म्हणजे तिकीट मिळालं असं नाही. मोहीम गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र चालवतं. देशभरातल्या संस्था आणि विद्यापीठं संशोधन प्रस्ताव देतात, ते तपासून निवड होते, आणि तुझ्या मार्गदर्शकाचा प्रस्ताव मंजूर असेल तर तुझं नाव जाऊ शकतं. त्यानंतर दिल्लीला एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी, मग उत्तराखंडात औलीला इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांच्या संस्थेत बर्फावरचं प्रशिक्षण. तिथून केपटाऊनमार्गे मैत्री किंवा भारती या आपल्या अंटार्क्टिकातल्या तळांवर. मैत्री 1989 पासून शिर्माकर ओॲसिसमध्ये आहे, भारती 2012 पासून लार्समन हिल्समध्ये. आर्क्टिकसाठी स्वालबार्डला न्यू-ओलेसुंद इथे 2008 पासून हिमाद्री हा तळ आहे. स्पितीत 4,000 मीटरच्या वर हिमांश हे हिमनद्यांच्या अभ्यासाचं ठाणं आहे, 2016 पासून. भूगर्भशास्त्राच्या मुलीनं हिमांशकडे कमीपणानं पाहू नये. हिमालयाची हिमनदी दरवर्षी पुन्हा जाऊन मोजता येते, अंटार्क्टिकाला एकच मोसम मिळाला तर प्रबंध त्यावरच उभा करावा लागतो.

आमच्या वेळी कित्येकांचे उत्तम प्रबंध दुसऱ्यानं आणलेल्या नमुन्यांवर झाले. आज तर उपग्रहांनी 1978-79 पासून मोजलेला समुद्रबर्फ कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यासाठी एक बरा लॅपटॉप हवा आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यायला हवी. पायथन या वर्षीच शिक, थांबू नकोस.

विषय निवडताना मात्र "मला अंटार्क्टिकाला जायचंय" इथून सुरुवात करू नकोस. मार्गदर्शक पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न: तुला काय शोधायचंय? तुझ्या घरचंच उदाहरण घे. सप्टेंबरात सोयाबीन काढणीला येतं, कापसाची बोंडं धरतात, आणि नेमका तेव्हाच धो-धो पाऊस पडतो. गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये असा अभ्यास मांडला की आर्क्टिकमधल्या कारा समुद्राचा बर्फ उन्हाळ्यात घटतो आणि मध्य भारतात मोसमाच्या शेवटी अतिवृष्टी होते, या दोन्हींचा संबंध असू शकतो. वरच्या थरातल्या वाऱ्यांची घडी बदलते आणि तापलेल्या अरबी समुद्राची वाफ तिकडे ओढली जाते, अशी त्यांची मांडणी आहे. आर्क्टिक 1979 पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलंय. बापाच्या वावरातला पाऊस आणि 75 अंश उत्तरेकडचा बर्फ यांच्यात दुवा आहे का, हा प्रश्न पीएच.डी.च्या तोडीचा आहे आणि तुला तो कळकळीनं विचारता येईल. तुला दगडच आवडत असतील तर अंटार्क्टिकातली लॅम्बर्ट खोरी आणि आपली महानदीची गोंडवाना (म्हणजे त्या जुन्या जोडखंडाच्या काळातली) खोरी एके काळी समोरासमोर होती, तिथेही काम पुष्कळ आहे.

पैशांचं. सीएसआयआर-नेट परीक्षेच्या पृथ्वीविज्ञानाच्या पेपरातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, निघाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि पुढे 42,000, घरभाडं वेगळं. गेट परीक्षाही देऊन ठेव, त्यावरही जागा निघतात. जेआरएफ नाही लागली तरी महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या सरकारी संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. तुझ्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते पाहा आणि जात पडताळणीचे कागद आत्ताच तयार ठेव. ऐनवेळी तहसीलच्या चकरांत पोरींचं वर्ष जाताना मी पाहिलंय. बाबांना हे आकडे दाखव. संशोधन म्हणजे अजून पाच वर्षं घरून पैसे, अशी त्यांची समजूत असेल तर ती निघेल.

गोव्याशिवायही दारं आहेत. लखनौची बिरबल साहनी संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, डेहराडूनची वाडिया संस्था, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था, पनवेलची भूचुंबकत्व संस्था. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा ध्रुवीय विभाग फरीदाबादला आहे, त्यांच्या नोकरीतूनही लोक अंटार्क्टिकाला जातात. नेट झाल्यावर एपेक्स या तरुण ध्रुवीय संशोधकांच्या जागतिक संघटनेत नाव घाल.

पत्र लिहिताना "आदरणीय सर, मला आपल्या हाताखाली काम करायचे आहे" एवढंच लिहून दहा जणांना एकच मजकूर पाठवू नकोस. एकाच शास्त्रज्ञाचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाच, त्यातला न सुटलेला एक मुद्दा धर, त्यावर तू काय करशील ते अर्ध्या पानात लिही. इंग्रजी अडलं तर आधी मराठीत लिही, मग उतरव. मसुदा तयार झाला की इथेच या धाग्यावर टाक, मी रविवारी वाचून खुणा करून देते. आणि इरईला जाणार असशील तर पावसाळा संपून नदीचं पाणी उतरल्यावर जा, सोबत होकायंत्र ने आणि ओरखड्यांची दिशा वहीत उतरवून घे.