आधी मोजणी, मग वाटणी

अनेक आशीर्वाद.

दोन देशांतून वाहणाऱ्या नद्यांच्या कामात पडायचं तू ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. करार वाचायला घेतले आहेस, तेही बरंच केलंस. फक्त प्रत्येक कलमातला आकडा कुणी, कुठे आणि कसा मोजला, हे आधी शोधत जा. पाण्याइतकेच वाद या आकड्यांवरून पेटतात.

भारत-बांगलादेशाचा १९९६ चा गंगा करार घे. १ जानेवारी ते ३१ मे या काळात पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्याशी येणारं पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटायचं. प्रवाह ७०,००० क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला ३५,०००, उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,०००, बाकी बांगलादेशाला. हे सूत्र अभ्यासक घडाघडा सांगतात. मला मात्र त्याच करारातली दुसरी तरतूद जास्त मोलाची वाटते: फराक्का इथे आणि खाली बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी रोजचा प्रवाह नोंदवायला दोन्ही देशांच्या संयुक्त समितीची पथकं.

हे काम एकदा काठावर उभं राहून बघ. पाण्याची पातळी मोजपट्टीवर कुणालाही वाचता येते. विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, काढायचा तर नदीच्या आडव्या छेदाचे भाग पाडतात, प्रत्येक भागात खोली मोजतात, वेगमापक पाण्यात सोडून वेग घेतात, गुणाकार करतात आणि मग बेरीज. रोज एवढा खटाटोप शक्य नसेल, तर पातळीवरून विसर्ग सांगणारा आलेख वापरतात. पण पुरात वाळू सरकते, पात्र बदलतं आणि कालच्याच पातळीला आज वेगळंच पाणी वाहत असतं. आलेख जुना राहिला, तर कुणीही खोटं न बोलता आकडा चुकतो आणि पलीकडच्यांना लबाडीचा वास येतो. दोघांची माणसं एकाच नोंदवहीत सही करत असतील, तर तो संशय बराच कमी होतो.

सरासरीवर फार विसंबू नकोस. याच करारासोबतचं वाटपाचं कोष्टक १९४९ ते १९८८ या काळातल्या सरासरीवर बेतलेलं आहे. नदी त्या सरासरीशी बांधलेली नाही. म्हणून प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब बोलायचं, हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं.

१९९७ चा संयुक्त राष्ट्रांचा जलप्रवाह करार वाचताना एक गंमत दिसेल. वरच्या अंगाचे देश न्याय्य आणि वाजवी वापराचं तत्त्व पुढे करतात, खालचे देश लक्षणीय हानी न करण्याचं. तू दोन्ही कलमं एकत्रच वाच.

आणि क्युसेकच्या पलीकडेही बघ. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीच्या बाफिंग या उपनदीवरचं मानान्ताली धरण मालीच्या हद्दीत आहे, पण मालकी माली, सेनेगल आणि मॉरिटानिया अशी तिघांची. वीज ५२, ३३ आणि १५ टक्के अशी वाटली जाते. तिघांचाही जीव त्याच धरणात गुंतलेला, म्हणून ते चालू ठेवण्यात तिघांनाही रस. नुसतं पाणी वाटलं तर एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटतं. पाण्यातून येणारी वीज, शेती, जलवाहतूक वाटायला घेतली, की देण्याघेण्याला वाव मिळतो.

गंगा कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. तेव्हा अभ्यास इथूनच सुरू कर. एप्रिलमधले कुठलेही दहा दिवस निवड, फराक्का इथे ४८,००० क्युसेक पाणी आहे असं धर, आणि दोन्ही बाजूंनी लिहून काढ: कोलकाता बंदराकडे जाणाऱ्या हुगळीतल्या गाळाचं काय होईल, बांगलादेशातल्या खुलना भागात समुद्राचं खारं पाणी किती आत शिरेल, कुणी काय सोडायला तयार होईल. दोन्ही कागद मला पाठव. आधी बांगलादेशाच्या बाजूचा लिही.

तुझा,
काका