जुन्या पिकअपचे डिझेल, टेम्परेचर अन् स्पीडचे काटे खरं दाखवत नाहीत, आखं मीटरच बदलू का?

मीटर बदलू नका. बाकी मंग बोलू. "आखं मीटरच बदलून टाक" हे वाक्य आमच्या भाटव्यांच्या (बहिणीच्या नवऱ्याच्या) तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की तुमचा प्रश्न वाचूनच डोकं तापलं.

तुम्ही लिहिलं की टाकी अर्धी असली तरी काटा पाववर असते अन् रात्री लाइट लावली की अजून खाली जाते. आता मले सांगा, लाइटीचा अन् डिझेलचा काय संबंध? मीटर खराब असतं तं दिवसा-रात्री सारखंच खोटं बोललं असतं. जुन्या गाड्यांत मागच्या लाइटीची अन् टाकीतल्या फ्लोटची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसले परत जायची वाट, कित्येकदा एकाच बोल्टावर येते. तो बोल्ट गंजला की लाइटीचा करंट तिथं अडकते अन् डिझेलचा काटा फुकटात मार खाते.

आमची पिकअप भाटव्यांच्या अन् माझ्या भागीत आहे. संत्र्याच्या सीझनमध्ये वरूडकडून माल भरून रात्री नागपूरच्या कळमना मार्केटले निघायचं, सकाळच्या लिलावाच्या आधी पोचायचं, अन् लाइट लावली की काटा लालवर, मंग भाटवे दिसला पंप की गाडी उभी करत अन् टाकी गळ्यापर्यंत भरलेली निघे, पंपावरचे पोट्टे हासत. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून ते नागपूरच्या भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचं काढलेलं मीटर दोन हजाराले घेऊन आले, अख्खा डॅशबोर्ड खोलून बसवलं, चाबी फिरवली, अन् काटा त्याच जागी. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आता शहाण्या माणसाले इथंच समजायले पाहिजे की दोन मीटर सारखंच खोटं बोलून राहिले म्हणजे खोटं दुसरीकडून येऊन राहिलं. भाटवे म्हणाले, "हेही खराबच निघालं." अन् तिसरं पाहायले निघाले!

मी मल्टिमीटर (व्होल्ट अन् रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) घेऊन गाडीखाली घुसलो. काळी पिन लांब वायर जोडून बॅटरीच्या मायनसले, लाल पिन फ्लोटच्या प्लेटले, चाबी चालू, लाइट चालू. इथं शून्याच्या जवळपास यायले पाहिजे, ०.१-०.२ व्होल्टच्या वर गेलं की अर्थ गेली समजा. आमच्याकडे एक व्होल्टच्याही वर होतं. फ्लोट म्हणजे काय, डिझेलच्या उंचीनं कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स, त्यात गंजानं आपला रेझिस्टन्स घुसवला की मीटरले वाटते डिझेलच कमी आहे. बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, प्लेटपासून चेसिसपर्यंत वेगळी वायर थिंबल (टोकाले बोल्टात बसणारी धातूची कडी) मारून ओढली, वरून ग्रीस. झालं. एका चहा-नाश्त्याचा खर्च. दोन हजार कुठं अन् हे कुठं.

पण काटा हलला म्हणजे खरा झाला असं नाही हं. टाकी रिकामी करा, गाडी सपाट जागी उभी करा, अन् पाच-पाच लिटर मोजून टाकत जा, दर वेळी काटा कुठं आला ते पट्टी चिकटवून लिहा. टाकीचा आकार वाकडातिकडा असते, काटा अर्ध्यावर म्हणजे डिझेल अर्धं हे कोणी सांगितलं? तरीही फरक राहिला तं फ्लोट बाहेर काढून हलवून पाहा, आतून डिझेलचा आवाज आला तं त्याले भोक आहे, तो बुडून राहिला, बदलावा लागते. नसंल तं त्याची दांडी हलकीशी वाकवून जमवता येते.

टेम्परेचरचा काटा मले डिझेलपेक्षा महत्त्वाचा वाटते, अन् लोक त्याच्याकडेच पाहत नाहीत. इंजिनवरच्या सेन्सरची अर्थ त्याच्या आट्यांतून जाते, मिस्त्री लोक पाणी गळू नये म्हणून त्याले भरपूर टेप गुंडाळतात अन् काटा कायम थंड. दुसरं, पाणी कमी झालं अन् सेन्सर कोरडा पडला तरी काटा खाली येते, इंजिन आत भाजून राहिलं तरी! मे महिन्याच्या उन्हात काटा उगाच खाली उतरला तं खुश होऊ नका, थांबा, इंजिन थंड होऊ द्या, मंग पाणी पाहा. सेन्सर तपासायचा तं काढून उकळत्या पाण्यात सोडा अन् मल्टिमीटरनं पाहा, गरम होत गेला तसा रेझिस्टन्स उतरला पाहिजे. अन् डिझेल-टेम्परेचर दोन्ही काटे एकाच वेळी वर चढून बसत असतील तं मीटरच्या मागचा स्टॅबिलायझर पाहा, तो बऱ्याच जुन्या गाड्यांत १२ व्होल्टचे १० करून काट्यांना देते. त्याची अर्थ सुटली की दोन्ही काटे जास्तच दाखवतात.

स्पीडचं काय, मोबाइलच्या जीपीएसशी सरळ रोडवर ताडून पाहा. मीटर थोडं जास्तच दाखवते, कमी दाखवू नये असा नियमच आहे. काटा थरथरत असंल तं गिअरबॉक्सपासून मीटरले येणारी केबल आतून कोरडी पडली समजा. टायरले उगाच दोष देतात लोक, १९५/८० आर १५ साइजच्या जागी २१५/७५ आर १५ साइजचे टाकले तरी फरक दीड टक्क्याचा येते.

हो, बॅटरीचा मायनस काढूनच घासाघाशी करा, अन् हे सगळं डिझेल गाडीचं सांगून राहिलो. पेट्रोल असंल तं टाकीजवळ वायरीचे खेळ करू नका, जाणत्या माणसाले दाखवा. नवीन डिजिटल मीटरवाल्यांनी यातलं काही करू नका.

तं आमच्या गाडीत मी नंतर मुद्दाम जुनंच मीटर परत बसवलं, काटा बरोबर. भाटव्यांना दाखवलं तं म्हणतात, "पडून पडून सुधरलं असंल." म्हणून तुम्हाले एक काम सांगतो, टाकीजवळ आधी किती व्होल्ट निघाले अन् वायर ओढल्यावर किती, ते इथं लिहा. मले घरी दाखवायचं आहे.