कमी खर्चाचे खुराडे: पैसा कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

प्रश्न: साहेब, घरामागे थोडी मोकळी जागा आहे. घरापुरती अंडी मिळावीत म्हणून दहाएक कोंबड्या पाळायचा विचार आहे. आधी कधी पाळलेल्या नाहीत. जुने पत्रे, फळ्या आणि एक मोडके कपाट पडून आहे. त्यातून खुराडे होईल का? केवढे बांधावे?

उत्तर: होईल. भिंती, छप्पर, अंड्यांची खोकी हे सगळे जुन्या सामानातून निघते आणि खरी बचत तिथेच आहे. दोन गोष्टी मात्र तपासा. फळीवरच्या जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर ती फळी खुराड्याला लावू नका. कोंबड्या पोपडे टिपून खातात आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो कापू नका, त्याला भोकही पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ तुमच्या छातीत जाते.

आता आकार. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीच्या मुक्कामासाठी 3 चौरस फूट जागा धरा. दहा कोंबड्यांना 30 झाले. मी 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद खुराडे सुचवतो. रुंदी चारच फूट एवढ्यासाठी, की बाहेर उभे राहून मागच्या भिंतीपर्यंत खराटा पोचला पाहिजे. आत वाकून शिरावे लागले की साफसफाई उद्यावर जाते, हे मी अनेक घरी पाहिले आहे. म्हणून लांबीची एक बाजू पूर्ण उघडेल अशी ठेवा.

जमिनीपासून फूटभर उंच जोते घ्या. उन्हाळा कडक असेल तर खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आखूड बाजूंवर पडते आणि आत कमी शिरते. पत्रा तापतो, त्यावर पेंढा किंवा पाचट पसरून बांधा. पत्र्याची पुढची कड भिंतीबाहेर दीड-दोन फूट काढा, पावसाची झड आत येणार नाही.

कोंबडी रात्री जमिनीवर झोपत नाही, दांडीवर बसते. प्रत्येकीला 8 इंच धरले तर दहा जणींना पावणेसात फूट दांडी लागते. तुमच्या 8 फुटांत एकच दांडी पुरते. जाडी सुमारे 2 इंच आणि कडा तासून गोल केलेल्या हव्यात. कोंबड्या असेल त्यातली उंच जागा झोपायला निवडतात. अंड्यांची खोकी दांडीपेक्षा उंच झाली तर त्या खोक्यात झोपतील आणि सकाळी अंडी विष्ठेत माखलेली मिळतील. खोके फूटभर लांब, तेवढेच रुंद आणि तेवढेच उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दहा कोंबड्यांना दोन-तीन पुरेत. तुमच्या मोडक्या कपाटाचे कप्पे याच कामाला घ्या.

प्रश्न: षटकोनी जाळी लावून खुराडे केले होते. महिनाभरात चार कोंबड्या गेल्या. एका बाजूला जाळी खालून उचकटलेली दिसते.

उत्तर: वाचून वाईट वाटले. यात तुमची हयगय नाही, जाळीची निवड चुकली. ती पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण दात-नखे असलेल्या जनावराला बाहेर थोपवत नाही. पैसा खर्च करायचा तो इथे. अर्धा इंच चौकोनाची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि ती आतून न ठोकता बाहेरून, पट्टी लावून ठोका. जाळी खाली वळवून भिंतीपासून फूटभर बाहेर जमिनीवर आडवी पसरा, वर माती आणि दगड टाका. उकरणारे जनावर भिंतीलगतच उकरते आणि तिथेच त्याला जाळी आडवी येते.

मग दाराखालची फट पाहा. एकदा असाच फडशा पाडलेले खुराडे पाहायला गेलो होतो. जाळी उत्तम होती, पण दाराचा खालचा कोपरा पावसाने फुगून वाकला होता. माझी तीन बोटे त्या फटीतून सहज गेली, आणि कडेला तुटकी पिसे अडकलेली होती. दाराला नुसती फिरकी नको. कडी हवी आणि कडीत खिळा किंवा कुलूप हवे.

प्रश्न: रोज झाडूनही खुराड्यात उग्र वास येतो, कोंबड्यांचे डोळे पाणावतात.

उत्तर: थंडी लागेल म्हणून तुम्ही सगळ्या फटी बुजवल्या असाव्यात. तो वास ओल्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचा आहे. सकाळी दार उघडल्याबरोबर गुडघे टेकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. तिथे डोळे चुरचुरले तर पक्ष्यांना रात्रभर तेच सोसावे लागते. छपराखाली दोन्ही लांब भिंतींना 6 इंचांची उघडी पट्टी ठेवा, तिला अर्धा इंच चौकोनाची वेल्ड केलेली जाळी लावा. ही पट्टी दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असली पाहिजे, म्हणजे हवा खेळते पण अंगावर झोत येत नाही.

जमीन रोज झाडून उघडी करण्यापेक्षा तूस किंवा लाकडाच्या भुशाची 3-4 इंच गादी घाला आणि ती दोन-तीन दिवसांनी वरखाली करा. मूठभर तूस दाबून पाहा. मूठ उघडल्यावर ते मोकळे झाले तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तेवढे काढून कोरडे घाला. ओलीचे मूळ बहुतेक वेळा पाण्याचे भांडे असते. ते विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा.

दांडीच्या चिरांत दिवसा लाल माइट, म्हणजे कोंबडीचे रक्त पिणारे अगदी बारीक जीव, लपतात. रात्री बॅटरी घेऊन पांढरा कागद दांडीखालून घासा. लाल डाग उठले तर पशुवैद्यकांना विचारूनच औषध मारा.

शेवटी पक्ष्यांविषयी. एक दिवसाची पिल्ले पहिल्या खेपेला घेऊ नका. त्यांना पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश उष्णता लागते, म्हणजे कृत्रिम उबेचा खर्च आला. लसीकरण झालेल्या दोन-तीन महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या, दहाऐवजी सहाने सुरुवात करा, खुराडे मात्र दहाचेच बांधा. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही. तलंगा संध्याकाळी आणा, थेट दांडीवर बसवा आणि पहिला आठवडा बाहेर सोडू नका. आठव्या दिवशी सोडाल ते दिवस मावळायच्या तासभर आधी. अंधार पडू लागला की त्या आपण होऊन खुराड्यात परततील.