रंगपटातून: ओठ दिसायलाच हवेत

प्रश्न: दादा, सुट्टीत मुलीकडे टोरांटोला गेले होते. तिथे तिने मला 'रूपॉल्स ड्रॅग रेस' हा अमेरिकन कार्यक्रम दाखवला. पुरुषांनी बाईच्या वेशात स्पर्धा करावी याचं मला काही वाटलं नाही, आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेलेच की. पण नवव्या सीझनमधली व्हॅलेंटिना, इतकी देखणी, तिला निव्वळ तोंडावरचा मास्क काढला नाही म्हणून घरी पाठवलं! हा अन्याय नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मुळीच नाही, ताई. माझं आयुष्य नाटकाच्या दौऱ्यांत रंगभूषा करण्यात गेलं. त्यामुळे तुम्हाला तिचा मास्क दिसला, मला त्यामागची चोरी दिसली.

तिथला नियम साधा आहे. त्या भागात सर्वांत कमी पडलेल्या दोघींना एकाच गाण्यावर लिप-सिंक करावं लागतं, म्हणजे वाजणाऱ्या गाण्याबरोबर नुसते ओठ हलवत सादरीकरण. गाणं आधी हातात असतं, पाठ करायला सवड मिळते. बाकीचे परीक्षक भरपूर बोलतात, पण कोण राहणार आणि कोण जाणार हे कार्यक्रमाची सूत्रधार रूपॉल एकटी ठरवते.

व्हॅलेंटिना तोवर एकदाही तळाच्या दोघींत आलेली नव्हती. 2017 च्या त्या भागात तिच्यासमोर होती नीना बोनीना ब्राउन, आणि गाणं आरियाना ग्रांदेचं. ही तोंड झाकूनच उभी! रूपॉलने गाणं मध्येच थांबवलं आणि मास्क काढायला सांगितलं. ही म्हणते, राहू द्या ना. शेवटी काढला, तर ओठांना शब्दच येईनात. पाठांतर कच्चं असलं की नट पाठमोरा होतो, पदर तोंडाशी नेतो, खोकतो. विंगेत उभं राहून हे सगळे प्रकार मी पाहिलेत. प्रेक्षकांनी मात्र तिला माफ केलं: त्याच सीझनची 'मिस कन्जिनिअॅलिटी', म्हणजे सर्वांत मनमिळाऊ स्पर्धक, म्हणून त्यांनी तिलाच निवडलं.

लपवायचंच असेल तर 2013 मधल्या रॉक्सी अँड्र्यूजसारखं लपवावं. नाचता नाचता तिने टोप उपटून फेकला, तर खाली दुसरा टोप तयार! ते काम किती अवघड असतं हे टोप बसवणाऱ्यालाच कळेल. गाणं संपल्यावर लहानपणी आईने बसथांब्यावर सोडून दिल्याचं सांगत ती रडली, आणि रूपॉलने तिला आणि तिच्यासमोरचीला, दोघींनाही ठेवून घेतलं.

(बालगंधर्वांशी तुलना नको. भामिनी उभी करताना आतला पुरुष प्रेक्षकांनी विसरावा अशी त्यांची धडपड. ड्रॅगमध्ये तो विसरला गेला तर निम्मी गंमत जाते.)

माझा राग आहे तो 'ऑल स्टार्स'वर, म्हणजे जुन्या स्पर्धकांना परत बोलावून होणाऱ्या याच कार्यक्रमाच्या भावंडावर. 2016 पासून काही सीझन तिथे उलटी रीत होती: सर्वांत चांगल्या दोघींनी लिप-सिंक करायचं आणि जिंकणारीने तळातल्या एकीला घरी पाठवायचं. जिला घालवायचं तिचं नाव लिहिलेली लिपस्टिक काढून दाखवायची. म्हणजे कला राहिली बाजूला, कोण कोणाची मैत्रीण याचा हिशेब सुरू. 2018 मध्ये बेनडेलाक्रीम सगळ्यांच्या पुढे होती. तिने लिपस्टिक काढली, तिच्यावर नाव तिचं स्वतःचंच, आणि सरळ निघून गेली. त्या पद्धतीला याहून चोख उत्तर मी पाहिलेलं नाही.

प्रश्न: पहिल्याच भागात बाहेर पडणाऱ्या स्पर्धकाचं पुढे काय होतं? बिचारीचे कपडे, टोप सगळं वायाच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: खर्च झालेला असतो, हे खरं. पण जाता जाता काय करता यावर बरंच अवलंबून असतं. 2018 मध्ये व्हेनेसा व्हॅन्जी मॅटेओ पहिल्याच भागात बाद झाली. स्टेजवरून उलट्या पावलांनी मागे सरकत तिने 'मिस व्हॅन्जी' असं स्वतःचंच नाव तीनदा घेतलं. एवढ्या भांडवलावर ती घराघरात पोहोचली, पुढच्या सीझनला तिला परत बोलावलं आणि ती पाचवी आली. त्याआधी शँजेलाचंही असंच झालं: दुसऱ्या सीझनला सर्वांत आधी घरी, तिसऱ्याला खोक्यातून बाहेर पडून पुन्हा हजर. कपडे वाया गेले नाहीत, काळजी नको.