जुनी पिकअप घेताना इंजिन कसे पारखावे?

प्रश्न : नारायणगावहून वाशी मार्केटला भाजी नेण्यासाठी जुनी डिझेल पिकअप घ्यायची आहे. महिंद्राची बोलेरो आणि टाटाची योद्धा, दोन्ही पाहिल्या. प्रदूषणाच्या जुन्या नियमाची बीएस-४ घ्यावी की नव्या नियमाची बीएस-६? जास्त कोणती टिकेल?

उत्तर : बोलेरोचे २.५ लिटरचे आणि योद्धाचे (बीएस-४मध्ये ३ लिटरचे, बीएस-६मध्ये २.२ लिटरचे), ही सगळी इंजिने मुळात दणकट आहेत. ती बसतात ती बहुधा गरम होऊन, ऑइल वेळेवर न बदलल्याने किंवा डिझेलमधल्या पाण्याने. म्हणून कंपनीपेक्षा तुमचा रूट आणि समोरची गाडी पाहा.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटे एका वेगात पळावी लागते. वाशीच्या फेरीत ते आपोआप होते. पण शेत ते मंडई एवढ्याच चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर जळण अर्धवट राहते आणि काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइल पातळ झाले आहे. बेअरिंग आणि टर्बो त्यानेच जातात. अशा कामाला चांगली सांभाळलेली बीएस-४ बरी. बीएस-६ला कमी राखेचे, मॅन्युअलमधल्या ग्रेडचेच ऑइल घाला.

पाहायला सकाळी जा, इंजिन थंडगार असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी या. गरम झाल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून) ऑइलचे झाकण सैल करा : किंचित वाफ चालते, पण जोराने सतत धूर आला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले आहेत. कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे किंवा तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांमधले पॅकिंग) गेल्याचा संशय घ्या आणि सौदा सोडा. मग मेकॅनिककडून इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाची) रिटर्न टेस्ट, म्हणजे त्यातून परत येणाऱ्या डिझेलची तपासणी करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला नळी आणि बाटली लावून इंजिन दोन मिनिटे आयडलला चालवायचे. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरते, तो इंजेक्टर गेला.

प्रश्न : रेडिएटरमध्ये नुसते पाणी चालेल का?

उत्तर : नाही. गंज आणि क्षार साठून वाटा बुजतात आणि माळशेजसारख्या चढावर भरलेली गाडी गरम होते. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घाला.