‘टूरिस्ट व्हिसावर या, पुढचं आम्ही बघतो’

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे आणि व्हॅलोरंट हा संगणकावरचा स्पर्धात्मक गेम खेळतो. जर्मनीतल्या एका संघानं त्याला अकरा महिन्यांसाठी बोलावलं आहे. महिना १,२०० युरो, राहणं फुकट. करारात त्याला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटलंय. मॅनेजर सांगतो, ‘आत्ता टूरिस्ट व्हिसावर या, कागदपत्रं इथे करू.’ दोन महिन्यांपूर्वी एक कोरियन खेळाडू असाच गेला आणि त्याचं सगळं सुरळीत झालं, असंही तो सांगतो. शिक्षण एक वर्ष थांबवलंय, पाच आठवड्यांनंतरचं तिकीट काढलंय. सही अजून केलेली नाही, पण चार दिवसांत हवी म्हणतात. मुलाची एकाग्रतेसाठीची औषधं चालू आहेत. भारतीय पासपोर्ट आहे. आम्ही काय काय तयारी करावी?

उत्तर : ताई, सही झालेली नाही हे फार बरं झालं. ती या चार दिवसांत होऊ देऊ नका. करार मुलाच्या नावानं आहे, तो सज्ञान आहे, तुमच्या संमतीची कायद्याला गरज नाही. म्हणून हे उत्तर त्याला शेजारी बसवून वाचा.

आधी व्हिसा, कारण बाकीची सगळी तयारी त्यावर उभी आहे. टूरिस्ट व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, जर्मनीसह युरोपातल्या एका देशगटाचा सामायिक व्हिसा. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि ते ९० दिवस सगळ्या २९ शेंगेन देशांत मिळून मोजले जातात. तुमच्या मुलाचा करार अकरा महिन्यांचा. हिशेब पहिल्याच पानावर चुकतोय. ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ हेही भारतीय नागरिकाला साधारणपणे जमत नाही. लांब मुक्कामाचा राष्ट्रीय व्हिसा इथूनच, जर्मन दूतावासाकडे अर्ज करून घ्यावा लागतो. तिथे जाऊन अडकलात तर परत येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

मग तो कोरियन मुलगा? तो बहुधा अगदी कायद्यानं गेला असेल. जर्मन नियमांत काही ठरावीक देशांच्या नागरिकांना अशी मुभा आहे की त्यांनी व्हिसाशिवाय यावं आणि निवासाचा परवाना जर्मनीत पोचल्यावर मागावा. दक्षिण कोरिया, जपान, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया त्या यादीत आहेत. भारत नाही. मॅनेजरला हे ठाऊक नसेल किंवा असूनही तो बोलत नसेल. कसंही असलं तरी एकाच संघातल्या दोन मुलांना दोन वेगळे कायदे लागू होतात, आणि त्याच्या उदाहरणावर तुमच्या मुलानं विमानात बसू नये.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. जर्मनीनं २०२० पासून ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेमच्या, खेळाडूंसाठी नोकरीच्या नियमांत स्वतंत्र तरतूद केली आहे. अटी मोजक्या आहेत. खेळाडू सोळा वर्षांपुढचा हवा. तो जर्मन क्लबसाठी किंवा तशाच स्पर्धात्मक संस्थेसाठी खेळणार हवा. जर्मनीतल्या संबंधित शिखर संघटनेनं त्याचं खेळणं व्यावसायिक दर्जाचं असल्याची आणि त्याला महत्त्व असल्याची पुष्टी द्यायला हवी. आणि क्लबनं द्यायचा एकूण पगार सरकारी पेन्शन विम्याच्या वर्गणीसाठी ठरलेल्या कमाल मर्यादेच्या निदान निम्मा हवा. ही मर्यादा दर वर्षी बदलते. २०२५ साली ती महिना ८,०५० युरो होती, म्हणजे निम्मे ४,०२५ युरो. या तरतुदीत बसलं तर रोजगार खात्याची वेगळी संमतीही लागत नाही, इतकी ती सोपी केली आहे.

तुमच्या मुलाला मिळणार १,२०० युरो. तेही पगार म्हणून नाही, कंत्राटदाराचं मानधन म्हणून. तुम्ही सोबत पाठवलेल्या कराराच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या पक्षाचा शिक्का आहे, तो मी पुन्हा पुन्हा पाहिला. ती कंपनी जर्मनीत नोंदलेलीच नाही, तिसऱ्याच देशातली आहे. म्हणजे या करारावर खेळाडूचा व्हिसा मिळूच शकत नाही. टूरिस्ट व्हिसाचा आग्रह घाईपोटी आहे असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, त्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही म्हणून तो आग्रह आहे.

काही दिवसांच्या स्पर्धेसाठी जायचं असेल तर गोष्ट वेगळी. आयोजकाचं निमंत्रण, स्पर्धेच्या तारखा, खर्च कोण करणार, हे सगळं अर्जात खरं लिहून अल्प मुदतीच्या व्हिसावर खेळाडू जातात आणि सन्मानानं परत येतात. देशागणिक नियम निराळे. अमेरिकेत व्यावसायिक खेळाडूला केवळ बक्षिसाच्या रकमेसाठी धंद्याच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर स्पर्धा खेळता येते, पण पगार घेता येत नाही. पगारी खेळाडूसाठी तिथे पी-१ए व्हिसा आहे, आणि २०१३ पासून तो व्हिडिओ गेमच्या खेळाडूंनाही मिळतोय. दार समोरून उघडं आहे, ताई. मागच्या दारानं जाण्याची आपल्या मुलांना आता गरज उरलेली नाही.

हे मी इतक्या कळकळीनं का लिहितेय ते सांगते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, युरोपातल्या विमानतळावरून परत पाठवलेला. पर्यटक म्हणून गेला होता. ८२ दिवसांची सहल आणि हॉटेलचं बुकिंग पाच रात्रींचं. बॅगेत कीबोर्ड, दोन माउस आणि पाठीवर स्वतःचं नाव छापलेली जर्सी. अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, काय काय बघणार आहात? याला दुसऱ्या शहराचं नाव सांगता येईना. मग फोन मागितला. त्यात मॅनेजरचा निरोप होता : ‘सोमवारपासून रोज दुपारी दोनला स्क्रिम, पगार एक तारखेपासून.’ स्क्रिम म्हणजे संघाचा सराव सामना. त्याला रात्रभर एका खोलीत बसवून सकाळच्या विमानानं परत धाडलं. संघानं आठवडाभरात दुसरा खेळाडू घेतला. याच्या पासपोर्टवरचा शिक्का मात्र पुढच्या प्रत्येक अर्जात त्याला समजावून सांगावा लागतोय.

तो निदान दारातूनच परत आला. आत जाऊन विनापरवाना काम करताना सापडला असता तर प्रवेशबंदी लागू शकली असती. ती शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत नोंदली जाते. एका देशाची बंदी मग सगळ्यांना दिसते. या खेळातली उमेदीची वर्षं थोडी असतात, त्यातली दोन-तीन अशी गेली तर भरून निघत नाहीत.

आता करार. संघ मान्य झाला, जर्मन संस्थेनं पगारी नोकरीचा नवा मसुदा पाठवला, असं धरून बोलते.

सध्याच्या मसुद्यातलं सातवं कलम मुलाला मोठ्यानं वाचायला लावा. ‘संघास योग्य वाटल्यास खेळाडूस मुख्य रोस्टरमधून वगळता येईल, अशा काळात मानधन देय राहणार नाही, मात्र खेळाडूस अन्य संघाशी बोलणी करता येणार नाहीत.’ म्हणजे खेळवणार नाही, पैसे देणार नाही, सोडणारही नाही. हे कलम असंच राहणार असेल तर बाकीचा करार कितीही गोड असो, सही नको. बेंचवर बसवण्याचा हक्क संघाला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण बेंचवरही पगार पूर्ण चालू राहिला पाहिजे आणि ठरावीक काळानंतर, समजा साठ दिवसांनी, त्याला दुसरीकडे बोलणी करता आली पाहिजेत. बायआउटचा, म्हणजे करार मोडून दुसऱ्या संघात जायचं तर मोजायच्या रकमेचा, आकडाही करारातच लिहून घ्या. ‘परस्पर संमतीनं ठरेल’ याचा अर्थ संघ म्हणेल तो.

नववं कलम जाहिरातींच्या उत्पन्नाचं. ७० टक्के संघाचे, आणि त्यात मुलाच्या स्वतःच्या चॅनलचं स्ट्रीमिंगही ओढलंय. ‘सगळे खेळाडू असंच देतात’ असं मॅनेजर म्हणेल. अमेरिकेत टीफ्यू या नावानं खेळणाऱ्या टर्नर टेनीनं २०१९ साली फेझ क्लॅन या आपल्याच संघाला कोर्टात खेचलं, ते अशाच कलमांवरून. काही जाहिरातींच्या कमाईत संघाचा वाटा ८० टक्क्यांपर्यंत होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याच २०१९ मध्ये दक्षिण कोरियात ग्रिफिन संघाच्या ‘कानावी’ या अल्पवयीन खेळाडूवर लांब मुदतीच्या करारासाठी दबाव आणल्याचा आरोप झाला, देशभर गदारोळ उठला आणि सरकारनं ई-स्पोर्ट्सच्या कायद्यात नमुना कराराची तरतूद आणली. तेव्हा वाईट कलमं सगळीकडे असतील, पण ती मुकाट्यानं मान्य करण्याचे दिवस गेलेत. संघानं आणलेल्या जाहिरातीत संघाचा वाटा असावा, मुलाचं चॅनल मुलाचं राहावं. मात्र स्ट्रीमिंगची कमाई हे निराळं काम धरलं जाऊ शकतं आणि निवास परवान्यात लिहिलंय तेवढंच काम करता येतं. म्हणून परवाना हातात पडल्यावर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाला हे लेखी विचारून मगच स्ट्रीम सुरू करायचं.

फुकट राहण्याची व्यवस्था ऐकायला छान वाटते. पण नोकरी, घर आणि व्हिसा तिन्ही एकाच माणसाच्या हातात जातात, हे लक्षात घ्या. जर्मनीत सहा महिन्यांपर्यंत परीक्षेचा काळ ठेवता येतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. एका संध्याकाळी ‘उद्या खोली रिकामी कर’ असं ऐकावं लागलं तर वीस वर्षांच्या मुलानं परक्या शहरात काय करायचं? म्हणून करारात लिहून घ्या : करार कुणीही, कोणत्याही कारणानं संपवला तरी तीस दिवस राहण्याची सोय आणि परतीचं तिकीट संघाकडून. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं. संघ ते द्यायला टाळाटाळ करू लागला तर त्या घरात काहीतरी गडबड आहे असं समजा. आणि पासपोर्ट ‘ऑफिसात सुरक्षित ठेवतो’ म्हणून कुणी मागितला तर द्यायचा नाही. छायाप्रत द्यायची.

औषधांचं तुम्ही पत्रात अगदी शेवटी लिहिलंय, पण ते हलक्यावर घेऊ नका. एकाग्रतेच्या तक्रारीवर देतात त्यातली काही औषधं, उदाहरणार्थ मिथाइलफेनिडेट, जर्मनीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहेत. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, रोजची मात्रा आणि मुक्कामाचे दिवस लिहिलेलं इंग्रजी प्रमाणपत्र घ्या. सोबत तीस दिवसांपेक्षा जास्त साठा नेता येत नाही, त्यामुळे तिथला डॉक्टर आधीच शोधून ठेवा. दुसरी बाजू स्पर्धेची. २०१५ साली एका व्यावसायिक खेळाडूनं आपल्या संघानं ॲडरॉल हे एकाग्रतेचं उत्तेजक औषध घेतल्याचं उघड सांगितलं आणि त्यानंतर ईएसएल या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीनं स्पर्धांमध्ये उत्तेजकांची चाचणी आणली. मुलाचं औषध उपचार म्हणून चालू आहे हे स्पर्धेच्या आयोजकांना आधी, लेखी कळवून सूट मागायची. चाचणीनंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

कराबद्दल थोडक्यात. पगारी नोकरी असेल तर जर्मनीत कर आणि आरोग्यविमा पगारातूनच कापला जाईल, त्याच्या दरमहा पावत्या जपा. भारतातलं कर-निवासीपण आर्थिक वर्षात इथे किती दिवस काढले यावर ठरतं. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला १८२ दिवसांचा नियम लागू होतो. म्हणून निघण्याची तारीख तुमच्या कर सल्लागाराला आधी दाखवा. बक्षिसांचं गणित वेगळं आहे. दुहेरी कर टाळण्याच्या करारांत खेळाडूंच्या कमाईवर जिथे खेळ झाला त्या देशाला कर लावता येतो, मुक्काम चार दिवसांचा असला तरी. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के आधीच कापले जातात. कापल्याचा दाखला मागून घ्या, नाहीतर इथे त्याची वजावट मिळवताना दमछाक होते. नोकरीसाठी बाहेर गेल्यावर त्याचं साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलायचं, तेही बँकेला सांगून ठेवा. आणि तुमच्या नावे ठरावीक कामांपुरतं मुखत्यारपत्र करून ठेवा. बँक, कर, कॉलेज एवढंच. सरसकट नको.

आज संघाला मुलानं स्वतः पाठवायचा मेल सांगते. भाषा त्याची, मुद्दे हे :

‘आपल्या संघाकडून खेळायची माझी मनापासून इच्छा आहे. मी भारतीय नागरिक असल्यानं मला निघण्याआधी जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागेल. त्यासाठी जर्मनीत नोंदलेल्या संस्थेबरोबरचा, ई-स्पोर्ट्स खेळाडूंच्या तरतुदीत बसणाऱ्या पगाराचा नोकरीचा करार आणि शिखर संघटनेची पुष्टी लागेल. ही कागदपत्रं आपण कधीपर्यंत पाठवू शकाल? करार व्हिसा मिळाल्याच्या दिवसापासून लागू होईल, असं कलम त्यात असावं. व्हिसा येईपर्यंत मी पैसे न घेता घरून ऑनलाइन सराव करू शकतो, ते चालेल का, तेही कळवावं.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. पैसे न घेता घरून खेळून दाखवायला त्याची हरकत नसेल, तर संघालाही वाट बघायला कारण मिळतं.

खरा संघ असेल तर कागद यायला वेळ लागेल, पण उत्तर लगेच येईल. ‘एवढं कशाला, आमचे सगळे असेच येतात’ असं उत्तर आलं, तर मुलाला वाईट वाटेल, दोन दिवस तो जेवणारही नाही कदाचित. त्याला रागावू नका. त्याचा खेळ चांगला आहे म्हणूनच त्याला बोलावणं आलं, आणि तो खेळ या संघाबरोबर संपत नाही. नवा मसुदा आला तर सही करण्याआधी मला पाठवा, सातवं आणि नववं कलम आधी बघू. तिकिटाची तारीख मात्र उद्याच पुढे ढकला. बदलायचे पैसे लागतील, ते लागू द्या.