फुटाळ्यातल्या लाटा, मेंदूतल्या लाटा

प्रश्न : फुटाळा तलावात दोन दगड टाकले, की दोन्हींची वर्तुळं एकमेकांतून आरपार जातात. मेंदूतल्या लाटा समोरासमोर आल्या तर त्याही तशाच जातात का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बहुतेकदा नाही. पाण्याऐवजी वणवा डोळ्यांसमोर आणा. दोन बाजूंनी पेटत आलेलं गवत मध्ये भेटलं, की आग तिथंच विझते. दोन्हीकडचं पुढचं गवत आधीच जळालेलं असतं. चेतातंतूत विजेचा स्पंद सरकतो, तेव्हा त्याच्या मागच्या सोडियम-वाहिन्या (सोडियमचे भारित कण आत सोडणारी सूक्ष्म दारं) साधारण १ मिलिसेकंद पुन्हा उघडतच नाहीत. समोरून आलेल्या स्पंदाला पुढे रस्ता नसतो आणि दोघंही मिटतात. फरक इतकाच, की गवताला पावसाळ्याची वाट पाहावी लागते, तंतू काही मिलिसेकंदांत सावरतो.

या टकरीचा प्रयोगशाळेत सुरेख उपयोग होतो. एखाद्या पेशीचा तंतू अमुक भागापर्यंत जातो का, हे तपासायला त्या भागात बारीक झटका देऊन स्पंद उलटा पाठवतात. त्याला पेशीपर्यंत यायला ५ मिलिसेकंद लागतात असं धरा. पेशीनं स्वतःहून स्पंद सोडल्यावर ३ मिलिसेकंदांनी झटका दिला, तर उलटा स्पंद वाटेतच मिटायला हवा. १२ मिलिसेकंदांनी दिला, तर पोचायला हवा. दोन्ही वेळा पोचला, तर तो त्या तंतूतून आलेलाच नाही, मधल्या दुसऱ्या पेशीमार्गे आलाय. इथं घाईनं निष्कर्ष काढला, की मेंदूचा नकाशाच चुकतो.

अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेषा दिसतात, त्यामागची लाट फार संथ असते, मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर. ब्राझीलचे मेंदूशास्त्रज्ञ आरिस्तिदेस लेआव यांनी १९४४मध्ये सशाच्या मेंदूत तिची नोंद केली. अशा दोन लाटाही भेटल्या की संपतात.

मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. दृष्टीच्या भागात सेकंदाला सुमारे ०.१ ते ०.८ मीटर वेगानं पसरणाऱ्या दोन लाटा भेटल्या, तर प्रतिसाद सहसा दोघींच्या बेरजेपेक्षा कमी भरतो. लाट उत्तेजक पेशींबरोबर दडपणाऱ्या पेशींनाही जागं करते, म्हणून.

ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर तारा लावून काढलेल्या मेंदूच्या विजेच्या, आलेखावर लाटा आरपार गेल्यासारख्या दिसल्या, तर मात्र सावध राहा. डोक्याच्या त्वचेवर वेगवेगळ्या जागांहून आलेल्या व्होल्टेजची साधी बेरीज होते, अगदी फुटाळ्यातल्या पाण्यासारखी. खालच्या पेशींमध्ये तसंच घडलं, हे त्यावरून ठरत नाही.